मूळ शाबूत, झाड गायब : म्युऑनच्या प्रयोगात 'रूट' वापरताना

म्युऑनवाला | बुधवार, रात्री ११:५२

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून एवढ्या रात्री धागा काढतोय.

एमएस्सीचा शेवटचा प्रकल्प : म्युऑनचं (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, वरून हवेतून बरसणारा कण) आयुष्य मोजणं. सामान म्हणजे प्लास्टिक सिंटिलेटरचा (कण गेला की लुकलुकणारा) एक ठोकळा, त्याला चिकटवलेली, तो उजेड विजेत बदलणारी फोटोमल्टिप्लायर ट्यूब, विजेचे आकडे करणारा एक डिजिटायझर आणि विभागातला सगळ्यात म्हातारा पीसी. वरून आलेला म्युऑन ठोकळ्यात थांबला की पहिली पल्स, म्हणजे विजेचा ठोका. काही मायक्रोसेकंदांनी तो फुटला आणि इलेक्ट्रॉन सुटला की दुसरी. दोन पल्समधली अंतरं मांडत गेलं की घातांकी उतार मिळतो आणि उतारावरून आयुष्य. पुस्तकातला आकडा २.१९७ मायक्रोसेकंद. कामाचा इव्हेंट, म्हणजे पल्सची अशी जोडी, मिनिटाला जेमतेम एक मिळतो, त्यामुळे रन, म्हणजे सलग मोजणी, दिवसचे दिवस चालू ठेवावी लागते.

गाईड म्हणाले, "रूटमध्येच कर, पुढे उपयोगी पडेल." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : रूट ही जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जन्मलेली, सी प्लस प्लसमधली ऑब्जेक्ट ओरिएंटेड चौकट, म्हणजे डेटा आणि त्यावरची कामं एकत्र बांधलेल्या 'ऑब्जेक्ट'वर उभी. हिस्टोग्राम, फिट (मोजण्यांना वक्र जुळवणं), आलेख, फाइल, सगळा संसार एका घरात. मी उत्साहात दोन आठवडे घालून क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचे साचे, रचले. 'पल्स' नावाचा मूळ क्लास, त्यातून 'पहिली पल्स' आणि 'दुसरी पल्स' असे दोन वारस (मूळ क्लासचे गुण आपोआप घेणारे), आणि दोघांना पोटात घेणारा 'म्युऑन इव्हेंट'. प्रत्येक पल्सचे ५१२ नमुने, म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेली मापं. हे इव्हेंट एकामागून एक ट्रीमध्ये, म्हणजे रूटच्या झाडात, भरायचे.

अकरा दिवस रन सुरेख चालली. काल संध्याकाळी पाऊस आला, लाईट गेली, यूपीएसने दोन मिनिटं टूंटूं केलं आणि मान टाकली. आज फाइल उघडली तर म्हणते की फाइल बहुधा नीट बंद झालेली नाही, सावरायचा प्रयत्न करतोय. खालच्या ओळीत : एकही 'की' (आतल्या वस्तूची चावी) सापडली नाही, फाइल झोंबी झाली आहे. झोंबी हा शब्द माझा नाही, रूटचाच आहे! फाइल डिस्कवर दिसते, आकारही वीसेक एमबी आहे, पण आत झाड नाही.

दोन प्रश्न. डेटा परत मिळेल का? आणि चार आकड्यांच्या कामासाठी हा ऑब्जेक्टचा खटाटोप करावा तरी का?

ता. क. : कोडमधली नावं देवनागरीत लिहितोय. कृपया कॉपी-पेस्ट करून 'चालत नाही' म्हणू नका.

---

टिवल्याबावल्या | गुरुवार, सकाळी ७:१०

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण मूळ आहे आणि झाड नाही हे वाचून आमच्या परसातला पेरू आठवला. वाचतोय.

---

शेवंता | गुरुवार, दुपारी १:३५

अरेरे. वाईट वाटलं. माझ्यावर हे एकदा येऊन गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (मी जिनिव्हाजवळ असते, एका मोठ्या प्रयोगावर पोस्टडॉक.)

आधी नेमकं काय झालं ते. ट्री इव्हेंट जसेच्या तसे ओळीने लिहीत नाही. प्रत्येक ब्रँचची, म्हणजे ट्रीतल्या एकेका रकान्याची, एक बास्केट असते, साधारण ३२,००० बाइटची. ती भरली की दाबून, कॉम्प्रेस होऊन डिस्कवर जाते. म्हणून तुझ्या फाइलला आकार आहे. पण कुठल्या ब्रँचच्या किती बास्केट आणि त्या कुठे ठेवल्यात ही नोंदवही असते खुद्द ट्रीमध्ये, आणि ट्री डिस्कवर उतरतं ते तू 'राइट' म्हटल्यावर किंवा ऑटोसेव्ह झाल्यावर. तुझे गठ्ठे गोदामात पडलेत, खतावणी मात्र कारकुनाच्या डोक्यात होती आणि कारकून लाईटबरोबर गेला.

आता ऑटोसेव्ह कधी होतं ते बघ. काही न सांगितल्यास ३०० एमबी डेटा साचल्यावर. तुझा एक इव्हेंट म्हणजे ५१२ नमुन्यांच्या दोन पल्स, दोन बाइटला एक नमुना, म्हणजे सुमारे दोन केबी. मिनिटाला एक इव्हेंट धरला तर दिवसाला तीनेक एमबी. तुझं पहिलं ऑटोसेव्ह किमान शंभर दिवसांनी झालं असतं! हे आकडे आमच्यासारख्यांसाठी ठरवलेत, जिथे ३०० एमबी बघता बघता होतात. तुझ्या ठोकळ्यासाठी नाहीत.

उपाय सोपा आहे. ट्री तयार केल्यावर लगेच ट्री->सेटऑटोसेव्ह(१००), म्हणजे दर शंभर इव्हेंटला. किंवा लूपमध्ये स्वतः ट्री->ऑटोसेव्ह("सेव्हसेल्फ") म्हणायचं. त्याचा आणखी एक फायदा : रन चालू असतानाच दुसऱ्या खिडकीतून फाइल उघडून आतापर्यंतचा उतार बघता येतो.

जुना डेटा : बास्केटवर ब्रँचचं नाव असतं, त्यामुळे हाताने खणून निघू शकेल. पण अकरा दिवसांच्या डेटासाठी महिनाभर खणत बसशील. पुन्हा रन कर.

---

म्युऑनवाला | गुरुवार, दुपारी २:०४

ताई, "शंभर दिवसांनी" वाचून हसावं की रडावं कळेना. गणित माझ्याच आकड्यांचं आहे आणि मी ते एकदाही केलं नव्हतं.

---

फोरट्रान७७ | गुरुवार, रात्री ९:२०

शेवंताबाईंचं निदान बरोबर, औषध अर्धं.

अरे बाबा, डिटेक्टरमधून येणारा कच्चा डेटा थेट विश्लेषणाच्या फाइलीत लिहायचाच नसतो. साधी बायनरी फाइल उघड, डिजिटायझरने दिलेले बाइट जसेच्या तसे तीत ओत, दर मिनिटाला फ्लश कर, म्हणजे साचलेलं डिस्कवर उतरव. दर तासाला नवी फाइल. त्यांचं ट्रीत रूपांतर करणारा छोटा प्रोग्रॅम वेगळा. लाईट गेली तर शेवटचं मिनिट जाईल, अकरा दिवस नाही. शिवाय उद्या तुझ्या रूपांतरात चूक निघाली तर कच्चा माल हातात असतो. तू मळणी आणि दळण एकाच जात्यावर घातलंस.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी थोडा इतिहास. कंटाळा आला तर पुढची प्रतिक्रिया वाचा.

आमच्या उमेदीत पॉ होतं. फिजिक्स अॅनालिसिस वर्कस्टेशन. त्याच्या पोटात एचबुक ही हिस्टोग्रामची लायब्ररी, सगळं फोरट्रानमध्ये. प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच सांगायचं की एवढी मेमरी लागेल, तेवढा एक कॉमन ब्लॉक आखून घ्यायचा, आणि प्रत्येक हिस्टोग्रामला नावाऐवजी क्रमांक. हिस्टोग्राम १०१ म्हणजे काय हे वहीत लिहून ठेवायचं. वही हरवली की संपलं. तरी आम्ही त्यावर पेपर लिहिले.

पॉच्या मागचा माणूस रेने ब्रुन. तोच पुढे फोन्स रादमाकर्सला बरोबर घेऊन १९९४-९५ च्या सुमारास रूटच्या मागे लागला. निमित्त होतं सर्नचा एनए४९ हा प्रयोग. शिशाच्या केंद्रकांचा झोत शिशावरच आदळायचा, प्रत्येक टकरीतून शेकड्यांनी माग, म्हणजे कणांच्या वाटा, निघायचे आणि ते टिपायला टाइम प्रोजेक्शन चेंबर नावाचे मोठाले डिटेक्टर. एका इव्हेंटमध्ये दोनशे माग, पुढच्यात हजार. प्रत्येक मागावर किती बिंदू पडतील तेही आधी ठाऊक नाही. असल्या डेटाला आमचे ठरावीक रकान्यांचे तक्ते आखूड पडायला लागले. 'इव्हेंटच्या पोटात माग, मागाच्या पोटात बिंदू' ही रचना जशी आहे तशी डिस्कवर ठेवता यावी, ही खरी गरज होती. ऑब्जेक्ट आले ते या गरजेपोटी.

तुझ्याकडे काय आहे? दोन पल्स. नेहमी दोनच. मग पहिली पल्स आणि दुसरी पल्स यांचे दोन वेगळे क्लास कशाला? त्यांच्या वागण्यात फरक काय?

---

म्युऑनवाला | गुरुवार, रात्री ९:४१

काका... फरक काहीच नाही. पुस्तकात वारसा शिकवला होता म्हणून केला.

---

अजगरमित्र | शुक्रवार, सकाळी १०:१५

म्हणूनच म्हणतो, पायथॉन घ्या! आकड्यांना नमपाय, आलेखांना मॅटप्लॉटलिब, चार ओळींत काम. अप्रूट नावाची लायब्ररी आहे, ती रूटच्या फाइली रूट न बसवताच वाचते. थेट नमपायचे अॅरे हातात. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) नाही, क्रॅश नाही, झोंबी नाही. सी प्लस प्लसच्या नादात अर्धा प्रकल्प गेलाच की याचा.

आणि 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड'ला एका पाठ्यपुस्तकात 'वस्तुनिष्ठ' म्हटलेलं पाहिलंय. रूटवाल्यांच्या भांडणात वस्तुनिष्ठ असं काहीच नसतं.

---

बाराखडी | शुक्रवार, दुपारी ४:३०

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते. रूट दोनदा शिकायला घेतलं, दोनदा सोडलं. का सोडलं ते सांगते. कुणी कारण सांगितलं तर तिसऱ्यांदा घेईन.

हिस्टोग्राम केला, फाइल उघडली, त्यातून भरला, शहाण्या बाईसारखी फाइल बंद केली, मग हिस्टोग्राम काढायला सांगितला. कॅनव्हास कोरा. कधी कोरा, कधी सरळ क्रॅश. फाइल बंद केली नाही तर सगळं दिसतं! म्हणजे स्वच्छता ठेवली की शिक्षा. विद्यार्थ्यांसमोर झालं हो हे, प्रोजेक्टरवर.

---

शेवंता | शुक्रवार, सायंकाळी ७:५०

बाराखडी मॅडम, तुमची चूक नाही. रूटमधला हा सगळ्यात जुना आणि सगळ्यांना चावलेला विंचू आहे.

गोष्ट मालकीची आहे. रूटमध्ये हिस्टोग्राम जन्माला येतो तेव्हा जी डिरेक्टरी 'चालू' असेल तिच्या नावावर तो आपोआप चढतो. फाइल उघडली की तीच चालू डिरेक्टरी होते. तुम्ही हिस्टोग्राम फाइल उघडल्यानंतर केला असणार, किंवा त्या फाइलीतूनच घेतला असणार. तो त्या फाइलीचा भाडेकरू झाला. फाइल बंद करणं म्हणजे घरमालकाने वाडा पाडणं. भाडेकरूचं सामान वाड्याबरोबर गेलं, तुमच्या हातात राहिला तो जुना पत्ता. त्या पत्त्यावर गेलात तर कधी रिकामी जागा, कधी भलतंच कुणी.

इलाज : हिस्ट->सेटडिरेक्टरी(०). 'हा माझा, वाड्याचा नाही.' किंवा सुरुवातीलाच टीएच१::अॅडडिरेक्टरी(फॉल्स), म्हणजे कुठलाच नवा हिस्टोग्राम भाड्याने राहणार नाही. मग मेमरी मोकळी करायची जबाबदारी मात्र तुमची.

चीड आणणारी गोष्ट ही की हा नियम सगळ्यांना सारखा नाही. ट्री फाइलीच्या मालकीचं, हिस्टोग्राम फाइलीच्या मालकीचा, पण टीग्राफ (आलेख) आणि टीएफ१ (फलन) तसे नाहीत. वारशाच्या तक्त्यात सगळे टीऑब्जेक्ट या मूळ क्लासचीच लेकरं, घरात कायदे निराळे. तीस वर्षांचं गाव आहे, गल्ल्या सरळ नाहीत.

अजगरमित्र, तुमचं म्हणणं मान्य, पण पायथॉनमधून रूट वापरलंत तर हाच विंचू तिथेही चावतो. भाषा बदलून मालकी बदलत नाही. अप्रूटमध्ये चावत नाही, कारण तिथे रूटचे ऑब्जेक्ट नसतातच, फक्त त्यांतले आकडे असतात.

---

बाराखडी | शुक्रवार, रात्री ८:२२

वाडा आणि भाडेकरू! हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं. सेटडिरेक्टरी शून्य. दिसला हिस्टोग्राम. धन्यवाद शेवंताबाई, तिसऱ्यांदा सुरुवात.

---

फोरट्रान७७ | शुक्रवार, रात्री १०:०५

विंचवांची यादी चाललीच आहे तर माझाही एक. जर्मेनियम डिटेक्टरवर काम करत होतो. इलेक्ट्रॉनिक्स स्थिर आहे ना हे बघायला सेकंदाला हजार ठोके देणारा पल्सर जोडलेला, ते सगळे ठोके हिस्टोग्रामच्या एकाच खणात पडायचे. तासन्‌तास सुरळीत. साधारण साडेचार तासांनी तो खण वाढायचाच थांबला. पल्सर चालू, ऑसिलोस्कोपवर दिसतोय, मोजणी मात्र अडकलेली. तीन दिवस वायरी बदलल्या, मॉड्यूल बदलले, एका बिचाऱ्या तंत्रज्ञाला उगाच बोललो.

अडकलेला आकडा होता १,६७,७७,२१६.

दोनाचा चोविसावा घात. हिस्टोग्राम टीएच१एफ जातीचा, म्हणजे प्रत्येक खण एक फ्लोट, चार बाइटचा आकडा. फ्लोटला इतकीच अचूकता असते : त्या आकड्यात एक मिळवला की उत्तर तोच आकडा. टीएच१डी (आठ बाइटचे 'डबल') केलं, प्रश्न मिटला. तंत्रज्ञाला चहा पाजला. तेव्हापासून एफ लिहिताना हात थांबतो.

---

टिवल्याबावल्या | शुक्रवार, रात्री १०:३०

एक मिळवूनही तेवढाच राहणारा आकडा. माझं बँक खातं टीएच१एफ आहे.

---

म्युऑनवाला | शनिवार, सकाळी ११:००

काकांचं ऐकून सगळं सुटं केलं. कच्ची बायनरी वेगळी, दर तासाला नवी फाइल. रूपांतर वेगळं. रन काल रात्रीपासून चालू आहे. पहिली पल्स-दुसरी पल्स हा वारसा काढून टाकला.

पण मग 'पल्स' क्लास ठेवू की तोही जाऊ दे? ट्रीत शेवटी हवेत चार आकडे : दोन पल्समधलं अंतर, दोघींची उंची, घड्याळाची वेळ. सरळ चार ब्रँच केल्या तर?

---

फोरट्रान७७ | शनिवार, दुपारी १२:४०

क्लास ठेव. पण डिस्कवर नको, कामाला ठेव.

५१२ नमुन्यांतून पायाभूत पातळी काढणं, ती वजा करणं, पल्स नेमकी कुठे सुरू झाली ते ठरवणं, क्षेत्रफळ मोजणं, ही सगळी 'पल्स'ची कामं. ती एका जागी असली की तपासता येतात, उद्या वेळ काढायची पद्धत बदललीस तर एकाच ठिकाणी बदल. हे ऑब्जेक्टचं खरं काम. आणि तो जे चार आकडे काढेल ते ट्रीत सरळ, सपाट जाऊ देत. चार ब्रँच, चार डबल. दहा वर्षांनी तुझा क्लास कुणाकडे नसेल तरी ते आकडे वाचता येतील.

---

शेवंता | शनिवार, दुपारी ३:१५

काकांशी नव्वद टक्के सहमत, दहा टक्के भांडणार.

डिस्कवरच्या ऑब्जेक्टला इतकं स्वस्तात काढू नका. रूट फाइलीत नुसता डेटा नसतो, त्या क्लासचं वर्णनही बरोबर लिहिलेलं असतं. कोणता घटक, कोणत्या जातीचा, कितवी आवृत्ती. क्लासला क्लासडेफ या ओळीत आवृत्ती क्रमांक द्यायचा आणि घटक बदलले की तो वाढवायचा. माझ्या पीएचडीत मी क्लासमध्ये मधेच एक घटक घातला, क्रमांक दोनाचा तीन केला. चार वर्षांपूर्वीच्या फाइली तरी उघडल्या, जुन्या इव्हेंटमध्ये नवा घटक शून्य दिसला, बाकी सगळं जागच्या जागी. मुळाक्षरंच बदलल्यावर जुनी बखर वाचता यावी तसं वाटलं होतं. वीस-वीस वर्षं चालणाऱ्या प्रयोगात याच्यावाचून अडलं असतं.

हे महत्त्व दुसऱ्यांना अनुभवाने कळलं. नव्वदच्या दशकात सर्नचा अधिकृत ओढा व्यापारी ऑब्जेक्ट डेटाबेसकडे होता, रूट हे काही जणांचं बंड. अमेरिकेत स्लॅक प्रयोगशाळेतल्या बाबार गटाने तसलाच डेटाबेस घेऊन प्रयोग सुरू केला आणि काही वर्षांनी सगळा इव्हेंटचा साठा रूटच्या फाइलींत हलवला. तिथल्याच फर्मीलॅबने १९९८ मध्ये आपल्या टेव्हाट्रॉन त्वरकाच्या दुसऱ्या रनसाठी रूट निवडलं होतंच. २०१२ मध्ये हिग्ज कणाचे जे आलेख जगभर छापून आले ते रूटमध्येच काढलेले.

आता ज्यावर काका हसतील ती गोष्ट. गंमत अशी की मोठे प्रयोगही परत सपाटीला आलेत. सर्नच्या सीएमएस प्रयोगाचा नॅनोएओडी हा डेटाचा प्रकार म्हणजे साधे रकाने. तिथल्याच अॅलिस प्रयोगाने तिसऱ्या रनसाठी विश्लेषणाचा डेटा सपाट तक्त्यांत मांडला. ऑब्जेक्टच्या आत ऑब्जेक्ट, त्यात पॉइंटर, अशी उतरंड वाचताना प्रोसेसर नुसता उड्या मारत बसतो. ट्रीचा वारस म्हणून आलेलं आरएनटपल तर कच्चे पॉइंटर साठवायला सरळ नकार देतं.

---

फोरट्रान७७ | शनिवार, दुपारी ३:४८

हसलो. जोरात हसलो. आमच्या एचबुकमध्ये रकान्यांचे एनटपल, म्हणजे इव्हेंटचे तक्ते, होते हो. एक रकाना हवा असेल तर तेवढाच वाचायचा. त्याला तेव्हा जुनाट म्हणून हिणवलं आणि आता नावातसुद्धा 'टपल' परत आलं.

---

शेवंता | शनिवार, दुपारी ४:०२

काका, तेवढं श्रेय घ्या! पण तुमच्या एनटपलला 'इव्हेंटमध्ये किती माग' हे आधी कमाल आकडा देऊन सांगावं लागायचं. आताच्या रकान्यात माग कितीही असोत, आणि तो रकाना स्वतःच्या जातीचं वर्णन बरोबर घेऊन फिरतो. ती शिकवण ऑब्जेक्टच्या काळातली. गाडी त्याच स्टेशनात आली, पण डबे बदललेत.

एक विचित्र सवय मात्र जाता जात नाही. रूटच्या क्लासमध्ये कॉमेंटला अर्थ असतो! घटकापुढच्या कॉमेंटची सुरुवात उद्गारचिन्हाने केली की तो घटक डिस्कवर जात नाही. आमच्या गटातल्या एका नव्या मुलाने 'कोड स्वच्छ करतो' म्हणून सगळ्या जुन्या कॉमेंट उडवल्या. आठवड्याभरात फाइली फुगल्या, कारण तात्पुरते कॅशचे अॅरेसुद्धा प्रत्येक इव्हेंटबरोबर लिहिले जाऊ लागले. बिचाऱ्याला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं की कॉमेंट पुसल्याने प्रोग्रॅम बदलतो.

---

अजगरमित्र | शनिवार, सायंकाळी ५:३०

कॉमेंटला अर्थ. मी उठून पाणी पिऊन आलो.

तरी मान्य करतो, आरडेटाफ्रेम पायथॉनमधून वापरून बघितलं आणि आवडलं. 'हा निकष लाव, हा रकाना बनव, याचा हिस्टोग्राम काढ' एवढंच सांगायचं, लूप त्याचा तो चालवतो, सांगितलं तर सगळे कोअर वापरून. हे रूट आहे यावर विश्वास बसत नाही.

बाराखडी मॅडम, तुमच्या विद्यार्थ्यांसाठी : सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर सीएमएसचा २०१२ चा दोन म्युऑनवाला डेटा आहे, सुमारे ६ कोटी इव्हेंट, दोनेक जीबीची एकच फाइल. दोन म्युऑनचं एकत्रित वस्तुमान मांडा. ३.१ जीईव्हीला (कणांच्या वस्तुमानाचं माप) जे-साय हा कण, ९.५ च्या आसपास अप्सिलॉन, ९१ ला झेड. सुळके आपोआप उभे राहतात. कॉलेजच्या साध्या लॅपटॉपवर होतं.

---

बाराखडी | रविवार, सकाळी ९:१५

फाइल उतरवून घ्यायला आमच्या नेटवर रात्र गेली, पण झालं. झेडचा सुळका उगवला तेव्हा मीच टाळी वाजवली. आता सोमवारी वर्गात. या वेळी फाइल बंद करणार नाही, धोका नको. :)

---

म्युऑनवाला | पुढचा शुक्रवार, रात्री १०:४५

धागा वर काढतोय. रन सहा दिवस चालली. मधे लाईट दोनदा गेली, एकूण नुकसान दोन-तीन मिनिटं. काका, साष्टांग.

८,६०० च्या आसपास इव्हेंट. २० मायक्रोसेकंदांत २०० खण, घातांकी उतार अधिक सपाट पार्श्वभूमी (योगायोगाने जुळलेल्या जोड्या), नेहमीचं फिट. उत्तर २.०२ ± ०.०३. पुस्तकातला आकडा २.१९७. सहा सिग्मा, म्हणजे ०.०३ च्या सहापट, लांब! घड्याळ तपासलं, बरोबर आहे. आता काय?

---

फोरट्रान७७ | पुढचा शुक्रवार, रात्री ११:२०

शेपटीकडच्या खणांत किती मोजण्या आहेत रे? शून्य, एक, एक, शून्य, दोन अशा?

---

म्युऑनवाला | पुढचा शुक्रवार, रात्री ११:२४

अगदी तशाच.

---

फोरट्रान७७ | पुढचा शुक्रवार, रात्री ११:५५

मग तिथेच पाणी मुरतंय. फिटला काही सांगितलं नाहीस तर रूट 'काय-वर्ग' (काय-स्क्वेअर) पद्धत वापरतं, म्हणजे प्रत्येक खणातला फरक त्याच्या चुकीशी (अनिश्चिततेशी) ताडतं. खणाची चूक म्हणजे मोजणीचं वर्गमूळ. शून्य मोजणीच्या खणाची चूक शून्य, म्हणून तो खण हिशेबातूनच वगळला जातो. पण 'इथे काही आलं नाही' हीसुद्धा माहिती आहे! रिकामे खण गेले की उरलेल्यांवरून पार्श्वभूमी आहे त्यापेक्षा उंच वाटते, आणि पार्श्वभूमी उंच धरली की उतार तीव्र होतो, आयुष्य आखूड निघतं.

फिटच्या पर्यायांत 'एल' घाल. लाइकलिहुड, म्हणजे मिळालेल्या मोजण्या किती संभवतात ते बघणारी पद्धत. मग रिकामे खणही बोलतात. आत धावतं ते अजून फ्रेड जेम्सचं मिन्युइटच, फिटचे सर्वोत्तम आकडे शोधणारं, सत्तरच्या दशकात फोरट्रानमध्ये लिहिलेलं, आता सी प्लस प्लसचे कपडे चढवलेलं. क्लास बदलले, माणूस तोच.

आणि मोजताना लक्षात ठेव, रूटमध्ये शून्यावा खण म्हणजे पट्टीच्या डावीकडे सांडलेलं आणि २०१ वा म्हणजे उजवीकडे सांडलेलं. तुझे खरे खण १ ते २००.

---

म्युऑनवाला | पुढचा शनिवार, मध्यरात्र १२:३०

२.११ ± ०.०३.

एक अक्षर. सहा दिवसांची रन आणि एक अक्षर. पण अजूनही २.१९७ नाही.

---

शेवंता | पुढचा शनिवार, दुपारी १:१०

थांब, आता सॉफ्टवेअरला हात लावू नकोस. तुझं उत्तर बहुतेक बरोबर आहे.

२.१९७ हे मोकळ्या म्युऑनचं आयुष्य. तुझ्या ठोकळ्यात दोन्ही भाराचे म्युऑन थांबतात. धन म्युऑन मोकळ्यासारखाच फुटतो. ऋण म्युऑनला कार्बनचं केंद्रक जवळ ओढतं आणि फुटायच्या आधीच काहींना गिळतं, म्हणून प्लास्टिकमध्ये ऋण म्युऑनचं आयुष्य सुमारे २.०३. जमिनीवर येणाऱ्यांत धन थोडे जास्त, दहा ऋणांमागे साधारण बारा-तेरा. दोघांची सरासरी काढून बघ : २.१२ च्या जवळ येते. अहवालात हे लिही, २.१९७ ला ओढूनताणून जुळवू नकोस.

---

म्युऑनवाला | पुढचा शनिवार, दुपारी १:३८

ताई, गाईडांना दाखवलं. ते आधी आलेखाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "पल्सचा क्लास मला दे, पुढच्या बॅचला लागेल." दिला. कॉमेंटसकट दिलाय, आणि पुसू नका असं वर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

---

फोरट्रान७७ | पुढचा शनिवार, दुपारी २:१५

शाबास. आता खण शंभर करून फिट पुन्हा लाव आणि २.११ हलतो का ते इथे टाक.